उलट्या हातावरचं अत्तर

चैत्रगौर झोपाळ्यात बसून आठ दिवस झाले, तरी खोपकरांकडच्या हळदीकुंकवाची बोलावणी निघाली नव्हती. शेजारणींना विमलाबाई सांगत, वार ठरायचाय. वार शुक्रवार, हे वामनरावांनी माघातच ठरवून टाकलं होतं. ठरत नव्हतं ते यादीतलं पहिलं नाव.

यादी दरसाल तीच. दांडिया बाजारातली बारा घरं, रावपुऱ्यातली नऊ, बाकीची इकडची तिकडची, आणि सगळ्यांच्या वर 'सौ. गंगाबाई, फतेगंज'. यंदा विमलाबाईंनी कागद नवऱ्यापुढे ठेवला तेव्हा वरची ओळ मोकळी होती.

"हे काय?" वामनरावांनी चष्मा कपाळावर चढवला.

"तुम्हीच सांगा काय ते. 'सौ.' लिहिता येत नाही, आणि ते लिहिल्याशिवाय हळदीकुंकवाला बोलावता येत नाही."

गंगाबाईंचे यजमान आनंदराव मार्गशीर्षात गेले होते. वामनरावांचे लांबचे चुलतभाऊ. लष्करी बँडात कॉर्नेट वाजवत. ज्या छातीने बावीस वर्षं पितळ वाजवलं, ती चार दिवसांच्या कफाला पुरली नाही.

वामनराव उठले आणि पेटीतून तो कागद काढून आणला. घरात त्याला 'याद' म्हणत. वामनराव हुजूर कचेरीत मसुदे लिहीत. त्यांच्या मसुद्यातून मुंगी सुटत नाही अशी कचेरीत ख्याती होती, आणि ती बऱ्याच अंशी त्यांनीच पसरवली होती. सात वर्षांपूर्वी आनंदराव-गंगाबाईंचा धाकटा मुलगा श्रीकृष्ण त्यांनी दत्तक घेतला, तेव्हा तो चार वर्षांचा होता. मूल दिल्यावर देणाऱ्या घराने त्या दिशेला मानही वळवू नये, अशी रीत. पण बडोद्याची गादीच दत्तकाची. इथे दत्तकाला कोणी नाक मुरडत नसे, आणि कोणाचं मूल कोणाकडे गेलं हे भाजीवालीसुद्धा सांगत असे. जी गोष्ट गावाला ठाऊक आहे ती मुलापासून लपवण्यात काय हशील, असा विचार वामनरावांनी केला आणि लपवाछपवीऐवजी कलमं केली.

कलम पहिलं: मुलगा सर्व बाबतींत वामनरावांचा. दुसरं: जन्मदात्या आईने वर्षातून एकदा, चैत्रातल्या हळदीकुंकवाला घरी यावं. हा दिवस वामनरावांनी फार विचाराने निवडला होता. त्या दिवशी पुरुषांना मज्जाव, आलेल्या बाईला 'का आलीस' असं कोणी विचारत नाही, आणि घरातल्या मुलाने येणाऱ्या प्रत्येकीच्या उलट्या हाताला अत्तर लावायचं असतं. म्हणजे मायलेकांची भेट होणार, वर ती रीतीतच बसणार. तिसरं: मुलाने तिला 'काकू' म्हणावं.

चौथं कलम आनंदरावांसाठी होतं. दसऱ्याची स्वारी निघाली की मुलाला ठरलेल्या दुकानाच्या ओट्यावर उभं करायचं आणि बँडाबरोबर जाताना बापाने त्याला पाहायचं. त्यात एकच अडचण होती. बँडवाल्याला मान वळवायची परवानगी नसते. मग आनंदराव त्या ओट्याजवळ आले की कॉर्नेट थोडी जोरात फुंकत. बँडमास्तरने दोनदा समज दिली. सात दसरे असे गेले.

"पाचवं कलम वाचा," विमलाबाई म्हणाल्या.

"पाचवं..." वामनरावांनी कागद खिडकीकडे धरला. तिथे 'कलम पाचवे' एवढंच लिहिलेलं होतं. पुढे कोरं.

"एवढा तुमचा मसुदा. उद्या ती सवाष्ण न राहिली तर काय, हे सुचलं नव्हतं तुम्हाला?"

"सुचलं होतं म्हणून तर आकडा घातला." वामनरावांचा आवाज जरा खाली आला. "पण आनंदराव समोर बसला होता गं. सुपारी कातरत होता. जिवंत माणसासमोर, 'आपण मयत झाल्यास' असं लिहायचं कसं? म्हटलं, मागाहून भरू."

मार्गशीर्षात ती बातमी आली तेव्हा विमलाबाईंच्या मनात पहिला विचार आला होता तो असा: आता ती यायची नाही. त्या विचाराची त्यांना लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून विचार गेला असंही नाही. सात वर्षं त्या हळदीकुंकवाच्या दिवशी दारात उभ्या राहून पाहत होत्या. मुलगा अत्तरदाणी घेऊन पहिल्यांदा कोणाकडे जातो, किती वेळ बोट टेकवतो, सगळं. सगळ्या बायकांच्या हाताला अत्तर लागे. यजमानीणबाईंच्या हाताला कोण लावणार? त्या घरच्याच.

"मग विषय मिटला," त्या म्हणाल्या. "रीतच आडवी आली. आपण काही मोडलं नाही."

"मिटला कसा?" आतून पाटा ओढत असलेल्या अक्कांचा आवाज आला. अक्का म्हणजे रखमाबाई, वामनरावांच्या थोरल्या बहीण. सव्वीस वर्षांपूर्वी विधवा होऊन माहेरी आल्या, तेव्हापासून या घरातलं प्रत्येक हळदीकुंकू त्यांनी स्वयंपाकघरातून केलं होतं. त्यांनी वाटलेली कैरीची डाळ अर्धं बडोदं खाई आणि वाटणारीचं तोंड कोणी पाहत नसे. "आणि ते ताटातल्या घासाचं कोण सांगणार तुला? वामन?"

विमलाबाईंनी कागदाची घडी केली. वर्मावर बोट होतं.

मार्गशीर्षापासून श्रीकृष्ण प्रत्येक जेवणात ताटात शेवटचा एक घास ठेवून उठत होता. भाकरीचा असो, भाताचा असो, नीट कालवलेला एकच घास, ताटाच्या कडेला. ओरडलं तरी ठेवी, लाडू केला तरी ठेवी. वामनरावांच्या मते ही बेशिस्त होती. अक्कांच्या मते चित्राहुती उलटी घालायची खोड. वैद्यांनी जंत सांगितले आणि वावडिंग दिलं. मुलाने वावडिंग निमूटपणे घेतलं आणि घास ठेवला.

आणि असल्या गोष्टींची उत्तरं आजवर एकीकडूनच येत. पहिल्या वर्षी गंगाबाई ओटी घेता घेता म्हणाल्या होत्या, "उन्हाळ्यात त्याचा घोळणा फुटतो, घाबरू नका, कांदा फोडून हुंगवा." पुढल्या वर्षी: "त्याला एकट्याला रागवा, चारचौघांत रागावलात तर दोन दिवस बोलायचा नाही." दर चैत्रात एक. विमलाबाई वर्षभर एक प्रश्न जपून ठेवत, आणि विचारायच्या मात्र अशा, की जणू सहज आठवलं.

"तिला विचारायचं तर बोलवायचं कुठे?" त्या शेवटी म्हणाल्या. "समोर चौतीस जणी बसणार."

"माझ्याकडे," अक्का म्हणाल्या. "डाळ वाटायला."

---

अक्का देवदर्शनाखेरीज घराबाहेर पडत नसत. एकादशीला त्या विठ्ठलमंदिरात म्हणून निघाल्या, कोपऱ्यावर टांगा केला आणि फतेगंजला गेल्या. टांगेवाल्याने विचारलं, "माजी, मंदिर तो आ बाजू." अक्का म्हणाल्या, "देव कुठे जातो? तू चल."

गंगाबाईंची खोली लष्कराच्या लाइनीत शेवटची होती. दोन भांडी, एक पाट, भिंतीवर एक मोठा खिळा. खिळ्याखालचा चुना कॉर्नेटच्या आकारात पांढरा राहिला होता. वाद्य सरकारजमा झालं होतं. थोरला मुलगा इन्फ्लुएंझाच्या साथीत गेला, श्रीकृष्णाला देऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा. दोन मुलं आहेत, एक दिलं तर एक राहील, असा हिशेब आनंदरावांनी केला होता. नंतर त्यांनी कसलाच हिशेब केला नाही.

"बसा, अक्का," गंगाबाई म्हणाल्या. एकच पाट होता. तो त्यांनी पुढे केला आणि आपण जमिनीवर बसल्या.

"शुक्रवारी ये. डाळ वाटायला माणूस नाही."

"तुम्हाला माणूस लागतं होय डाळ वाटायला?"

"सव्वीस वर्षांत नव्हतं लागलं. आता मनगट दुखतं."

गंगाबाईंनी अक्कांच्या मनगटाकडे पाहिलं. ते चांगलं रहाटाच्या दांड्यासारखं होतं.

"मागल्या दाराने यायचं," त्या हळूच म्हणाल्या.

"हो."

"सात वर्षं पुढल्या दाराने आले. पहिली यायचे."

"मी त्या घरची लेक. मीसुद्धा त्या दिवशी पुढल्या दाराने जात नाही. मागलं दार काही वाईट नाही गं. वारा चांगला येतो."

गंगाबाई हसल्या नाहीत. अक्कांना त्या हसतील असं वाटलंही नव्हतं.

"त्याने मला अशी पाहिलेली नाही, अक्का. कुंकवाशिवाय. बांगड्यांशिवाय. वर्षातून एकदा पाहतो. तो मला लुगड्याच्या रंगावरून ओळखत असेल. मागच्या वर्षी हिरवं होतं. आता त्याने विचारलं, ही कोण, तर?"

"तर सांगू, डाळ वाटणारी."

"तेच तर. एकदा 'काकू' म्हणायची सवय केली मनाला. आता 'डाळ वाटणारी'."

विधवा होऊन आल्या त्या पहिल्या वर्षी अक्कांचीही कोणी समजूत काढली नव्हती.

"तुझ्या जिवासाठी बोलवत नाही," त्या उठताना म्हणाल्या. "विमलला काही विचारायचंय. पोर ताटात घास ठेवून उठतं."

गंगाबाईंचा हात पदराकडे गेला तो तिथेच राहिला.

"कधीपासून?"

"ते तू येऊन विचार."

---

शुक्रवारी चारच्या सुमाराला बायका यायला लागल्या. गौर झोपाळ्यात, पुढे कलिंगडाची कमळं, भिजवलेले हरभरे, पन्ह्याचे पेले. श्रीकृष्ण जरीच्या टोपीत गुलाबदाणी आणि अत्तरदाणी घेऊन उभा. अकरा वर्षांच्या मुलाला हे काम म्हणजे मरण. वर्गातले दोघे समोरच्या ओट्यावरून मजा पाहत होते. पण दरसाल तो निमूट करी.

यंदा त्याने गुलाबपाणी शिंपडलं आणि थांबला. बायकांनी हात पुढे केले. तो तसाच उभा.

"श्री, अत्तर लाव ना," विमलाबाई म्हणाल्या.

"पहिला हात अजून आला नाही."

बैठकीत ज्यांना ऐकू आलं त्यांनी पन्ह्यात डोकं घातलं. ज्यांना आलं नाही त्यांना शेजारणीने सांगितलं. एकट्या निरुपमाबेन, पलीकडच्या घरातल्या नागर बाई, सरळ मनाच्या. त्यांनी आपल्या निम्म्या मराठीत विचारलं, "हो, ते फतेगंजवाळां बेन कुठे? दर वरसे तर सगळ्यांत पहेलां असतात."

कोणीतरी त्यांना कोपर मारलं.

"शुं थयुं? मी काय बोलले?" निरुपमाबेन म्हणाल्या. मग कानात कुजबूज झाली आणि त्यांनी हातातला पेला खाली ठेवला. "अरेरे. तो मग बिचारीने पन्हं पण नाही प्यायचं?"

विमलाबाई म्हणाल्या, "आलेच हं, डाळ आणते," आणि चौतीस बायकांना तसंच सोडून आत गेल्या. यजमानीण हळदीकुंकवातून उठून जाते, हे दांडिया बाजारात पुढे महिनाभर पुरलं.

स्वयंपाकघरात पाट्यावर गंगाबाई होत्या. त्या सकाळी नऊलाच आल्या होत्या. मळकट पांढरं लुगडं, पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला. अक्का शेजारी कैऱ्या किसत होत्या. सकाळपासून दोघी मिळून दहाबारा शब्द बोलल्या असतील, त्यातले निम्मे मिठाबद्दल.

विमलाबाईंनी हे लुगडं पाहिलं. सात वर्षं त्यांनी या बाईचा हेवा केला होता. आता हेवा करायला काय उरलंय, हे त्या शोधत राहिल्या, आणि हातात एकदम काहीच लागेना, तेव्हा पायरी चुकल्यासारखं झालं.

"जाऊबाई," त्या खाली बसल्या. शालूला हळद लागली. "सहज विचारते."

"विचारा."

"सहज नाही विचारत. पाच महिने झाले. तो शेवटचा घास ठेवतो ताटात. का ठेवतो?"

वरवंटा थांबला.

"कुठल्या बाजूला?"

"उजव्या. कडेला. नीट करून ठेवतो, जसा काही..." विमलाबाईंना पुढचा शब्द सापडेना.

"जसा काही कोणाला द्यायचाय."

"हो."

गंगाबाईंनी वाटलेली डाळ बोटाने एकत्र केली. पुन्हा केली.

"हे बँडातून यायचे दुपारचे," त्या म्हणाल्या. "पोरं आधी जेवलेली असत. पण हा ताटाशी येऊन बसायचा, उजव्या अंगाला. मग हे शेवटचा घास स्वतः खायचे नाहीत. कडेला ठेवायचे, म्हणायचे, हा बँडमास्तरचा. आणि हा तोंड उघडायचा. रोज. चार वर्षांचं पोर. मला वाटलं होतं, विसरला असेल. विसरावं म्हणूनच तर लहानपणी देतात."

अक्कांच्या किसणीचा आवाज बंद झाला होता.

विमलाबाई म्हणाल्या, "आम्ही त्याला वावडिंग दिलं." आणि तोंडाला पदर लावला.

"वावडिंगाने काही बिघडत नाही," गंगाबाई म्हणाल्या. "पोटाला चांगलंच."

त्याच वेळी बाहेरून निरुपमाबेनची हाक आली, "विमळाबेन, क्यां गयां?" आणि दाराशी कोणीतरी उभं असल्यासारखं वाटून तिघींनी मान वर केली.

श्रीकृष्ण होता. जरीची टोपी तिरकी झालेली, हातात अत्तरदाणी. किती वेळ होता, कोणाला सांगता येईना. गंगाबाईंनी पदर आणखी ओढला. आता हनुवटीच दिसत होती.

"अक्काआत्या," तो म्हणाला, "बाहेर सगळ्या हात पुढे करून बसल्यात."

"मग लाव जा त्यांना."

तो गेला नाही. पाट्यापाशी आला आणि लुगड्याच्या रंगाकडे, पदराकडे, कशाकडेही न पाहता म्हणाला, "काकू, हात."

त्याने ओळखलं कशावरून, यावर पुढे घरात बरीच चर्चा झाली. अक्का म्हणत, आवाजावरून. वामनराव म्हणत, तर्काने. त्याला कोणी विचारलं नाही.

गंगाबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "मला नको रे, बाळा. मला नाही चालत आता."

"थोडं."

"थोडंही नाही."

त्याने तोवर अत्तरदाणीत बोट बुडवलेलं होतं. ते बोट घेऊन तो उभा राहिला. परत पुसता येत नव्हतं, पुढे करता येत नव्हतं. कान लाल व्हायला लागले. चारचौघांत रागावलं की व्हायचे तसे. विमलाबाईंना ते लाल कान दिसले, आणि आता काही केलं नाही तर हा दोन दिवस बोलणार नाही हेही कळलं, पण काय करायचं ते कळलं नाही. हे ज्ञानही त्यांना पाट्यावरच्या बाईनेच दिलेलं होतं.

पदरातून गंगाबाईंचा एक हात बाहेर आला. डाळीने पिवळा झालेला, बोडका. त्यांनी मुलाचं मनगट धरलं. सात वर्षांत त्याने त्यांच्या हाताला सात वेळा बोट लावलं होतं. त्यांनी त्याला आज पहिल्यांदा धरलं. क्षणभर मनगट तसंच हातात राहिलं, जणू त्या त्याचं वजन पाहत होत्या. मग त्यांनी ते वळवलं आणि विमलाबाईंच्या दिशेने नेलं.

"आईला लाव," त्या म्हणाल्या. "तिला कोणीच लावत नाही."

विमलाबाईंचा उलटा हात गुडघ्यावर होता. तो त्यांनी पुढे केला नाही, मागेही घेतला नाही. मुलाने बोट टेकवलं आणि चांगलं घासून लावलं, जसं पहिल्या हाताला लावत असे.

"आणि घास खात जा," गंगाबाई म्हणाल्या. मनगट त्यांनी सोडलं होतं आणि वरवंटा हातात घेतला होता. "बँडमास्तर जेवला. त्याचं पोट भरलं. आता तू खा."

मुलगा मान हलवून बाहेर गेला. बैठकीत बायका हात धरून ताटकळल्या होत्या. त्याने सगळ्यांना लावलं, निरुपमाबेनना दोनदा.

---

दिवेलागणीला वामनराव वाचनालयातून परतले. बायका गेल्या होत्या, गौरीपुढे हरभरे सांडलेले होते. त्यांनी याद उघडली, दौत जवळ घेतली आणि घसा साफ केला.

"मी विचार केलाय. एकादशी. त्या दिवशी तिला कोणाकडेही जायला हरकत नाही, आपल्यालाही बोल लागत नाही. वर्षाला चोवीस होतात. फार वाटत असतील तर आषाढी-कार्तिकी दोनच ठेवू. पाचव्या कलमात तसं..."

"लिहू नका," विमलाबाई म्हणाल्या. त्या भांडी विसळत होत्या, एकाच हाताने. डावा हात कोरडा, अंगापासून लांब धरलेला.

"मग काय लिहू?"

"काही नको. कोरं राहू द्या. तुम्ही लिहिलंत की त्याला दार होतं, आणि मग ते पुढलं की मागलं एवढाच प्रश्न उरतो."

वामनरावांना हा मसुद्यातला दोष वाटला. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कलम कोरं सोडलं नव्हतं. पण त्यांनी बायकोच्या कोरड्या हाताकडे पाहिलं आणि दौतीला बूच लावलं.

रात्रीच्या जेवणात श्रीकृष्णाने ताट पुसून खाल्लं. विमलाबाईंना बरं वाटायला हवं होतं. पण ताटाच्या कडेची ती मोकळी जागा त्यांना पाच महिन्यांच्या घासापेक्षा मोठी वाटली. अक्कांनी त्यांना वाढलं तेव्हा त्यांची भूक गेलेली होती.

गंगाबाई तोवर फतेगंजला पोचल्या होत्या. अक्का टांगा करून देत होत्या, पण त्या चालतच गेल्या. वाटेत तळहाताला डाळ वाळून चिकटली होती. लाइनीत दिवे लागलेले, कोणाच्या तरी घरी पोरं पाढे म्हणत होती. कुलूप काढताना हात तोंडाजवळ आला आणि त्या थबकल्या. मुलाच्या बोटावरचं अत्तर मनगटाशी ओघळलं असावं, कारण बोटांना वास येत होता. हिना. दरसालचा.

त्यांनी दचकून हात पदराखाली घेतला आणि मागे पाहिलं. विधवेच्या अंगाला अत्तर, कोणाला कळलं तर. मग दार उघडून त्या आत गेल्या. पाट होता, दोन भांडी होती, खिळा होता. त्या बराच वेळ उंबऱ्याच्या आत उभ्या राहिल्या आणि मग त्यांनी हात पदराबाहेर काढला. आक्षेप घ्यायला घरात कोणी नव्हतं.